विमानविद्या-परिचय : लेखांक सातवा — शेपटी घासते तेव्हा

बंगळुरूहून 15 जून 2023 रोजी निघालेले इंडिगोचे एअरबस ए321 विमान अहमदाबादेस उतरताना त्याची शेपटी धावपट्टीला घासली, आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने चौकशीअंती मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी व सहवैमानिकाचा एक महिन्यासाठी तहकूब केला. सहा महिन्यांत त्याच कंपनीच्या ए321 विमानांबाबत असे चार प्रकार घडल्याने खात्याने दोघांचा कसूर नोंदवून प्रकरण मिटवले नाही; कंपनीचे दप्तर तपासले, प्रशिक्षण आणि देखभालीच्या पद्धतींतील दोष दाखवले, 30 लाखांचा दंड केला आणि त्या पद्धती सुधारण्याचे फर्मावले.

ए321 च्याच वाट्याला हे का यावे? ए320 ची लांबी 37.57 मीटर, ए321 ची 44.51, चाकांची उंची मात्र जवळजवळ तीच. त्यामुळे चाकांचे दांडे दबलेले असता ए320 ची शेपटी सुमारे पावणेबारा अंशांवर जमिनीला लागते, तर ए321 ची दहा अंशांच्याही आत.

जमीन तीसेक फुटांवर आली की वैमानिक नाक किंचित उचलून उतरण्याचा वेग मोडतो. तेथेच विमान अलगद टेकवण्याचा मोह आवरला नाही आणि ते तरंगत ठेवले, तर क्षणाक्षणाला गती ओसरते, गती ओसरली की उचल टिकवण्यासाठी नाक आणखी वर घ्यावे लागते, आणि शेपटी तितकीच खाली जाते. विमान टेकून पुन्हा उसळले तर प्रसंग अधिक बिकट होतो. कारण तोवर पंखांवरील रोधक फळ्या उघडून नाक आपोआप वर जाऊ पाहते, आणि गांगरलेला हात त्याच दिशेने ओढतो. म्हणूनच ए321 चे नाक साडेसात अंशांवर गेले की शेजारच्या वैमानिकाने ‘पिच’ असा इशारा द्यावा, असा दंडक आहे. ‘विमान लोण्यासारखे उतरले’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्या आपल्या प्रवासीवर्गाने वैमानिकांना ही खोड लावण्यास हातभार लावला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. योग्य जागी, योग्य गतीने, थोडे दणकून टेकलेले विमान हेच चांगले उतरलेले विमान.

नाक केव्हा उचलायचे हे विमानतळाच्या उंचीवरही अवलंबून असते. बंगळुरूचा देवनहळ्ळी येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून 915 मीटर उंच. हवा विरळ, म्हणून मापकावर तोच आकडा असूनही विमानाचा खरा वेग सुमारे पाच टक्के अधिक असतो. साहजिकच नाक उचलण्यास किंचित आधी आरंभ करावा लागतो.

शेपटी घासली तरी हानी बहुधा पत्र्यापुरतीच राहते. भय असते ते दुरुस्तीचे. जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग 747 ची शेपटी 1978 साली ओसाकास उतरताना घासली. मागील दाबरोधक भिंत सांधताना एकसंध पट्टीऐवजी दोन तुकडे वापरले गेले, आणि जो भार रिव्हेटांच्या दोन ओळींनी वाहायचा तो एकीवर पडला. भिंत सात वर्षे टिकली. 12 ऑगस्ट 1985 रोजी फुटली आणि 520 माणसे मेली.

16 ऑगस्ट 2025 रोजी बँकॉकहून आलेल्या इंडिगोच्या ए321 ने मुंबईत खराब हवामानामुळे धावपट्टीलगतच पुन्हा झेप घेतली आणि शेपटी टेकली. दुसऱ्या खेपेस ते सुखरूप उतरले. तरीही तपासणी, दुरुस्ती आणि खात्याची मंजुरी झाल्यावाचून ते सेवेत घेतले जाणार नाही, असे कंपनीने जाहीर केले.