सड्यावर हरवणारा सदरा

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, बसलेला रातवा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. तो काही जांभ्यासारखा लाल नसतो, की गवतासारखा हिरवा. अंगावर तपकिरी, राखाडी, काळ्या रेघोट्यांचा नुसता गोंधळ. पण पक्षी ओळखायला डोळ्याला कड लागते, आणि नेमकी ती कडच या रेघोट्या तोडून टाकतात.

सैनिकाच्या कापडावरचा छापही हेच करतो. लांबून पाहताना मोठे डाग माणसाचा आकार फोडतात. खांदा कुठे संपला आणि झुडूप कुठे सुरू झाले, ते कळत नाही. जवळून मात्र तेच डाग उघडे पडतात. म्हणून त्यांच्या कडा बारीक चौकोनांनी कुरतडायच्या. १९९७मध्ये कॅनडाने असा 'डिजिटल' छाप पुढे आणला तेव्हा तो अनेकांना संगणकाचा खेळ वाटला. वास्तविक लांबून ते चौकोन दिसतच नाहीत. एकमेकांत मिसळून पानापाचोळ्याचा पोत तेवढा उरतो.

भारतीय लष्कराचा असा गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनाच्या संचलनात, पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांच्या अंगावर प्रथम दिसला. दिल्लीच्या 'निफ्ट' या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने तो लष्करासोबत तयार केला. रंग ऑलिव्ह हिरवा आणि मातकट, कापडात ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टर. शर्ट पँटमध्ये खोचायचा नाही. आधीच्या छापाचे कापड कुठल्याही बाजारात मिळे, म्हणून या वेळी छापाची नोंदणीच करून घेतली. कॅन्टीनमार्फत पहिले ५० हजार संच पंधरा ठिकाणी गेले, त्यांत मुंबई आणि खडकीही होती. लष्करी आणि नागरी शिंप्यांना तो शिवायला शिकवण्यासाठी 'निफ्ट'च्या प्रशिक्षकांनी कार्यशाळा घेतल्या.

हा सदरा सड्यावर कितपत लपेल? ऑगस्टमध्ये सडा हिरवागार, दिवाळीनंतर गवत पिवळे, आणि मार्चमध्ये उघडा, काळवंडलेला कातळ; चिरेखाणीत तोच जांभा लालभडक. एका जिल्ह्यात ही तऱ्हा, तर जंगल, वाळवंट आणि डोंगर यांना मिळून एकच छाप काढणाऱ्याने करायचे काय? सगळीकडे थोडा थोडा चालेल असा रंग निवडायचा, एवढेच हातात असते. अमेरिकेने २००४मध्ये सर्वत्र चालावा म्हणून राखाडी-हिरवट छाप घेतला. तो कुठेच धड चालेना, आणि २०१०पासून अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना दुसरा द्यावा लागला.

रात्रीचे गणित तर आणखी वेगळे. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवतात. कापडाचा रंग तसे करत नसेल, तर रात्री पाहण्याच्या दुर्बिणीत झाडीपुढे माणसाची काळी आकृती उठून दिसते. त्यासाठी रंगही वेगळे निवडावे लागतात. शिवाय धुलाई सांभाळायची. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत चमक आणणारी रसायने घालतात, ती या कापडाला घातक. म्हणून अमेरिकी सैन्याने आपल्या जवानांना अशा पावडरी आणि स्टार्च दोन्ही वापरू नका, असे बजावले आहे. खळ घालून कडक इस्त्री केलेल्या गणवेशाची ऐट ज्यांनी मिरवली, त्या आपल्याकडच्या जुन्या फौजींना हे पटायला जडच जाईल.