पुरवठा साखळी व्यवस्थापनाची अंमलबजावणी : द्राक्षनिर्यातीच्या संदर्भात

प्रस्तावना :
कच्च्या मालाच्या उगमापासून अंतिम ग्राहकापर्यंत वस्तू, माहिती व पैसा या तीन प्रवाहांचे एकत्रित नियोजन व नियंत्रण म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन होय. ही संज्ञा १९८२ पासून प्रचारात आली. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र वस्तूंच्या वाहतुकीकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे माहितीच्या प्रवाहाकडे दिले जात नाही. महाराष्ट्रातील द्राक्षनिर्यातीच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करता येईल.

साखळीचे स्वरूप :
१९९१ मध्ये स्थापन झालेल्या 'महाग्रेप्स'ने द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून परदेशी बाजारपेठेशी जोडले. नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षे काढणीनंतर काही तासांतच पॅकहाऊसमध्ये आणून त्यांचे पूर्वशीतकरण केले जाते. पेटीत सल्फर डायऑक्साईड सोडणारा कागद घातला जातो व शून्य अंशाच्या आसपास तापमान राखून माल वातानुकूलित कंटेनरने न्हावा शेवा बंदरातून रवाना होतो. यातील एक दुवा जरी निखळला तरी सर्व दुव्यांचे श्रम वाया जातात.

माहितीचा प्रवाह :
२००६ मध्ये अपेडाने 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी, पॅकहाऊस व कंटेनर यांच्या नोंदी एकत्र जोडल्या गेल्याने पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढणे शक्य झाले.

तथापि २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. माल नाकारला गेला व अनेक बागायतदारांचे पैसे अडकले. येथे वाहतूक वा शीतकरण सदोष नव्हते. हे रसायन मुख्यतः खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणीच्या जवळजवळ एक वर्ष आधी, वापरले जात असे; मात्र तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचा समावेशच नव्हता. आयातदार देशाचा निकष बागेपर्यंत पोहोचला नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागली ती साखळीतील सर्वांत दुर्बल घटकाला. पुढे या रसायनाचा तपासणी यादीत समावेश करण्यात आला.

अन्य व्यवसायांसाठी बोध :
१) ग्राहकाचे निकष उत्पादनाच्या पहिल्या टप्प्यापूर्वीच पुरवठादारास कळविले पाहिजेत.
२) माग काढण्याच्या व्यवस्थेमुळे दोष कोठे उद्भवला हे कळते, दोष टळतोच असे नाही. जे तपासले जात नाही ते नोंदीतही येत नाही.
३) जोखमीची वाटणी करारातच निश्चित असावी, अन्यथा ती आपोआप लहान उत्पादकावर येऊन पडते.
४) पर्यायी मार्गाचा विचार आधीच हवा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजांना केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागला, तेव्हा नाशवंत मालाचा प्रवासकाळ व भाडे दोन्ही वाढले.

वस्त्रोद्योग, औषधनिर्माण वा वाहनांचे सुटे भाग तयार करणारे लघुउद्योग यांनाही हे मुद्दे तितकेच लागू पडतात.

निष्कर्ष :
संगणकप्रणाली वा शीतगृह उभारणे म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन नव्हे. माहिती, जबाबदारी व लाभ यांचे न्याय्य वाटप झाले तरच साखळीतील दुवे परस्परांशी बांधलेले राहतात. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या अध्यापनात या संकल्पनेची मांडणी करताना परिसरातील अशा उदाहरणांचा उपयोग केल्यास विषय विद्यार्थ्यांपर्यंत अधिक परिणामकारकपणे पोहोचू शकेल.