जुन्या ट्रॅक्टरच्या पुढील चाकांची जुळणी

ट्रॅक्टर जुना झाला की स्टिअरिंग एका बाजूला ओढते, चाके डगमगतात आणि पुढील टायर एका कडेने खाल्ले जातात. अनेक शेतकरी अशा वेळी केवळ टायर बदलतात. मूळ दोष तसाच राहिल्याने नवा टायरही त्याच पद्धतीने झिजतो. शिवाय उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना पुढची चाके भरकटली, तर प्रश्न टायरच्या खर्चापुरता राहत नाही. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढील चाकांची जुळणी टेप आणि खडूच्या साह्याने घरीच कशी तपासावी, याची माहिती येथे दिली आहे.

टो-इन म्हणजे काय?

पुढील दोन्ही चाकांच्या पुढच्या बाजूंमधील अंतर मागच्या बाजूंमधील अंतरापेक्षा किंचित कमी ठेवलेले असते. या फरकास टो-इन म्हणतात. चालताना जमिनीच्या अवरोधामुळे चाके बाहेर फाकू पाहतात. त्या वेळी ती समांतर यावीत, म्हणून ही तजवीज असते. अनेक ट्रॅक्टरमध्ये हे माप ३ ते ५ मि.मी.च्या आसपास असते. मात्र आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले मापच प्रमाण मानावे.

थोडा फरक किती महागात पडतो, ते पाहू. समजा, हा फरक १४ मि.मी. झाला आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ७ मि.मी. आले. चाकाचा व्यास ७०० मि.मी. धरल्यास चाक शंभरात एक या प्रमाणात तिरपे झाले. असे चाक समांतर धरून ठेवले, तर १ कि.मी. अंतरात ते सुमारे १० मीटर आडवे घासले जाते.

झिजेवरून दोष ओळखा

१) दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा झिजल्यास टो-इन जास्त आहे.
२) दोन्ही टायरच्या आतल्या कडा झिजल्यास चाके पुढून फाकलेली आहेत.
३) टायर मधोमध झिजल्यास हवा जास्त, तर दोन्ही कडांना झिजल्यास हवा कमी असते.
४) एकच टायर विचित्र झिजत असल्यास बेअरिंग, किंगपिनचे बुश किंवा वाकलेला ॲक्सल तपासावा.

आधी ढिलाई काढा

सांधे ढिले असताना घेतलेले माप टिकत नाही. म्हणून ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करावा, ब्रेक लावून मागील चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत. पुढचा ॲक्सल जॅकने उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटा वापरू नयेत. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ आढळल्यास बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश पाहावे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकांची ढिलाई समजते. झिजलेले भाग आधी बदलावेत. दोन्ही टायरमध्ये शिफारशीप्रमाणे सारखी हवा भरावी.

माप कसे घ्यावे?

१) चाक उचललेले असतानाच फिरवून टायरच्या मध्यावर खडूने गोल रेघ आखावी.
२) ट्रॅक्टर खाली घ्यावा. ट्रॉली व अवजारे सोडून स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि ट्रॅक्टर काही मीटर पुढे चालवून थांबवावा. मागे घेऊ नये.
३) दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूस, हबच्या उंचीवर, रेघेवर खूण करून अंतर मोजावे.
४) इंजिन बंद व गिअर न्यूट्रल ठेवून, चालकाला ब्रेकवर बसवून, त्याच खुणा मागच्या बाजूस हबच्या उंचीवर येईपर्यंत ट्रॅक्टर पुढे ढकलावा. पुन्हा अंतर मोजावे.

मागचे अंतर १,३०८ मि.मी. आणि पुढचे १,३०४ मि.मी. आल्यास टो-इन ४ मि.मी. आहे. त्याच खुणांवर दोन्ही मापे घेतल्याने रिमच्या वाकडेपणाची चूक टळते.

जुळणी

एकच टाय रॉड असलेल्या ट्रॅक्टरमध्ये रॉडचे चेकनट ढिले करून त्याची लांबी बदलावी. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असल्यास लांबी वाढवताच टो-इन वाढते. पुढे असल्यास कमी होते. थोडेसे फिरवून ट्रॅक्टर पुन्हा पुढे चालवावा आणि माप घ्यावे. शेवटी चेकनट घट्ट आवळावेत. काढलेल्या स्प्लिट पिनच्या जागी नवीन पिन घालावी. दोन्ही बाजूंना वेगवेगळे ड्रॅग लिंक असल्यास किंवा ॲक्सल वाकलेला असल्यास हे काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे.

केव्हा तपासावे?

ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, चाक बांधावर किंवा खड्ड्यात जोरात आदळल्यावर, टाय रॉडची टोके बदलल्यावर आणि आंतरमशागतीसाठी चाकांमधील अंतर बदलल्यावर टो-इन अवश्य तपासावे. नवीन टायर बसवण्यापूर्वी तर ही तपासणी कधीही चुकवू नये.