यीस्टलाही हवी 'हवा'!

बिअर आंबते ती हवाबंद भांड्यात. त्यामुळे आंबवण्याआधी त्याच द्रवात मुद्दाम हवा मिसळली जाते, हे ऐकून अनेक जण बुचकळ्यात पडतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून, तर अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार १९७९ पासून घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. तेथील हौशी मंडळींना हा धडा पहिल्या एक-दोन खेपांतच गिरवावा लागतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे येथेच सांगितलेले बरे.)

मोड आणून वाळवलेल्या सातूपासून काढलेला गोड रस म्हणजे 'वर्ट'. हॉप्स घालून तो साधारण तासभर उकळतात. त्यात जंतू मरतात, पण विरघळलेला प्राणवायूही निघून जातो आणि नेमका तोच यीस्टला आरंभी हवा असतो. यीस्टच्या पेशी झपाट्याने वाढू लागल्या की प्रत्येक नव्या पेशीला मजबूत पटल लागते. त्यासाठी लागणारी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले यीस्टला प्राणवायूशिवाय तयार करता येत नाहीत. आंद्रेआसेन आणि स्टायर या संशोधकांनी १९५३-५४ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पटल कच्चे राहिले, तर मद्यार्क वाढताच पेशी हतबल होतात, किण्वन अर्ध्यावर अडते आणि पिंपात उरते ती गुळचट, बेचव बिअर.

उपाय तसा साधा. वर्ट २० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून भांडे काही मिनिटे जोराने हलवायचे किंवा टपरीवरच्या चहासारखे उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचे. हवेतून लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. नेहमीच्या बिअरला तेवढा बहुधा पुरतो. कडक बिअरसाठी मात्र नळकांड्यातला शुद्ध प्राणवायू सोडतात. उकळलेला वर्ट जंतूंनाही तितकाच प्रिय असल्याने भांडी निर्जंतुक हवीत. मत्स्यालयाचा पंप वापरल्यास हवा गाळून घ्यावी लागते.

सुक्या यीस्टमध्ये उत्पादकांनी हा साठा आधीच करून ठेवलेला असतो, म्हणून तेथे पहिल्या खेपेस एवढा खटाटोप लागत नाही. ताज्या, द्रवरूप यीस्टबाबत मात्र आळस महागात पडतो.

वेळही तितकीच महत्त्वाची. किण्वन संपल्यावर शिरलेला प्राणवायू यीस्टच्या फारसा उपयोगी पडत नाही. तो बिअरलाच शिळी करतो आणि तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणूनच बाटल्या भरताना हीच मंडळी, द्रव जराही खळखळू नये म्हणून, नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत नेतात.