गव्हाने गुदमरलेली वसाहत

मंगळावर माणसं कशाने मरतील? थंडीने, किरणोत्साराने, उपासमारीने, अशी उत्तरं चटकन सुचतात. गव्हाने, असं काही कोणी म्हणणार नाही.

२०१२ साली 'मार्स वन' या डच उपक्रमाने मंगळावर कायमची वस्ती करण्याचा बेत जाहीर केला. चार-चार जणांच्या तुकड्या जाणार, परत कोणीच येणार नाही. यात हौतात्म्याची हौस नव्हती, वजनाचा हिशोब होता. मंगळावरून उडणारं यान आणि त्याचं इंधनही सोबत न्यायचं, तर बोजा कित्येक पटींनी वाढतो. परतीचा विचार सोडला की हा बोजा वाचतो. मात्र मग जेवण तिथेच पिकवावं लागतं.

२०१४मध्ये एमआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी हा बेत संगणकावर चालवून पाहिला. माणसं राहतात त्याच बंदिस्त घरात गहू, सोयाबीन, भुईमूग, रताळी लावली. पीक जोमात आलं आणि तिथेच घोडं अडलं. चौघांना लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन रोपं सोडू लागली. ऑक्सिजन वाढला की साधी ठिणगीही भडका उडवते. म्हणून टाकीतला नायट्रोजन सोडून हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण खाली आणायचं आणि दाब वाढला की थोडी हवा बाहेर सोडायची. पण झडपेला ऑक्सिजन तेवढा निवडून काढता येत नाही. त्याच्याबरोबर नायट्रोजनही जातो. होता होता टाक्या रिकाम्या होतात, हवेचा दाब घसरतो आणि साधारण ६८व्या दिवशी पहिला माणूस गुदमरतो. ऑक्सिजनच्या सुकाळात!

फक्त ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र हवं, एवढंच ना? पृथ्वीवर ते अवघड नाही. कोविडच्या साथीत आपण पाहिलेला कॉन्सन्ट्रेटर झिओलाइट नावाच्या पदार्थाच्या दाण्यांत नायट्रोजन अडकवून ऑक्सिजन पुढे सोडतो. पण या कामासाठी अवकाशात वापरून पारखलेलं यंत्र तेव्हा नव्हतं.

ऑक्सिजनचा तुटवडा पडलाच, तर तो मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडपासून बनवता येतो. 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हरवरच्या 'मॉक्सी' यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात १२२ ग्रॅम बनवून दाखवला. एका माणसाला दिवसाला लागतो सुमारे ८४० ग्रॅम. नायट्रोजन मात्र बनवता येत नाही, गोळा करावा लागतो. आणि मंगळाच्या विरळ हवेत तो तीन टक्केही नाही.

'मार्स वन' कंपनी २०१९मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिचं यान कधी उडालंच नाही. गव्हाचा धडा मात्र उरला. आपल्या प्रत्येक श्वासातला ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. शरीर त्याला हातही लावत नाही. आला तसा तो परत जातो. पृथ्वी सोडणाऱ्याला मात्र हा न वापरला जाणारा वायूही मोजूनमापून बांधून घ्यावा लागेल.