आधी गंज, मग शॉकअप

मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकामागे डोकावले तर तिथे कॉइल स्प्रिंग दिसत नाही आणि पाटेही दिसत नाहीत. स्प्रिंगचे काम करते ती एक लांब पोलादी दांडी. ती गाडीच्या पोटाखालून मागे जाते. तिचे पुढचे टोक चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेले असते आणि मागचे टोक तळाच्या पत्र्याखाली आडव्या बसवलेल्या क्रॉसमेंबरमध्ये पक्के अडकवलेले असते. चाक उचलले गेले की दांडीला पीळ बसतो आणि पीळ सुटताना चाक पुन्हा खाली येते. अलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही गाडी 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. 1971 पर्यंत तिच्या सोळा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तिला ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून आणले, आणि तिच्याच घराण्यातल्या मॉरिस ऑक्सफर्डपासून निघालेली अ‍ॅम्बेसेडर तर 2014 पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. तिच्याही पुढच्या चाकांचा भार अशाच पीळ घेणाऱ्या दांड्यांवर असे.

या रचनेमुळे पुढच्या चाकाचा भार चाकाजवळ थांबत नाही. तो कित्येक हात मागे, ओल्या पायांच्या आणि भिजलेल्या गालिच्याच्या खाली जाऊन पोचतो. धरून चालू, की एका चाकावर 200 किलो वजन आहे आणि आर्मची लांबी 25 सेंटिमीटर आहे. दांडीतला पीळ जवळजवळ 490 न्यूटन-मीटर होतो. आजच्या छोट्या गाडीच्या चाकाचे नट साधारण 100 न्यूटन-मीटरला कसतात. म्हणजे त्याच्या सुमारे पाचपट जोर गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असतानाही रात्रंदिवस त्या क्रॉसमेंबरला पिळत असतो. आणि हा क्रॉसमेंबर काही भरीव लोखंडाचा नाही. घड्या घालून, स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या पत्र्याची ती पोकळ पेटी आहे. दोन पत्रे एकावर एक येतात तिथल्या फटीत रस्त्यावरचे पाणी केशाकर्षणाने शिरते. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर आत जाते. फटीच्या तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि नेमका तिथलाच पत्रा झिजू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो जोड आतून उचकटत जातो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

म्हणूनच जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कुठलाही बदल करण्याआधी त्याचे माउंट, म्हणजे ते पत्र्याला जिथे जोडले जाते त्या जागा, गंजमुक्त करणे आणि पुढेही तसे राहतील अशी सोय करणे हे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. मायनरमध्ये मूळचा शॉकअप आर्मवाला आहे. त्याचा आर्म हाच चाकाचा वरचा दुवा. हा शॉकअप झिजला की गाडी डुलू लागते आणि मालक टेलिस्कोपिक शॉकअपचा संच आणतो. या नव्या शॉकअपला वर धरायला एक ब्रॅकेट लागतो, आणि जिथे कारखान्याने असा भार कधीच योजला नव्हता तिथे तो बोल्ट होतो. पाठोपाठ पॉलियुरेथेनचे कडक बुश येतात. रबर जे हादरे स्वतः गिळत होते ते आता पत्र्याकडे जातात. डिस्क ब्रेक आणि रेडियल टायर एकत्र आले की ब्रेक मारताना खालच्या आर्मला धरणाऱ्या टाय रॉडवरची ओढही वाढते. यातला एकही बदल मुळात चुकीचा नाही. आजच्या रहदारीत ड्रम ब्रेकवर विसंबणे अवघड आहे हे मान्यच आहे. पण प्रत्येक बदल ज्या पत्र्यावर नवे ओझे टाकतो, तो पत्रा 60-70 वर्षांचा आहे.

यावर गॅरेजमधला ठरलेला उपाय म्हणजे जाड पट्टी वेल्ड करणे. वरून तो दणकट दिसतो, पण गंजलेल्या पत्र्यावर मारलेली पट्टी ही गंजासाठी नवी फट असते. शिवाय जाड तुकडा जिथे संपतो तिथे ताण एकवटतो आणि भेग त्या कडेलाच पडते. वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला जुना रंग जळतो, आणि तो जळल्याचे बाहेरून कळतही नाही. योग्य रीत कष्टाची आहे. आधी दांडीवरचा पीळ पूर्ण उतरवायचा. त्याशिवाय क्रॉसमेंबरला हात लावणे जिवावर बेतू शकते. मग गाडीला आतून आधार देऊन, दोन्ही बाजूंची मापे घेऊन, स्वच्छ धातू लागेपर्यंत पत्रा कापायचा. मापे चुकली तर गाडी एका अंगाला कायमची झुकते. नवा तुकडा शक्यतो मूळ जाडीचा हवा. मजबुती वाढवायचीच असेल तर त्यासाठी जोडलेल्या जाड तुकड्याच्या कडा निमुळत्या हव्यात, म्हणजे भार हळूहळू पसरतो. जोडाच्या आत जस्ताचे प्रायमर, वेल्डिंगनंतर इपॉक्सी, सांध्यावर सीलर, आणि सर्वांत शेवटी पोकळीत मेण. आणि ज्या एका बदलाचा मी आग्रह धरेन तो म्हणजे भोके. पेटीच्या तळाला पाणी निघायला एक आणि मेणाची नळी आत घालायला दुसरे, रबरी बुचाने बंद होणारे. कारखान्याने ही सोय पुरेशी केली नव्हती.

बोल्टच्या बाबतीतही दिसण्याचा मोह टाळावा लागतो. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही म्हणून लोक तो हौसेने लावतात. पण नेहमीच्या ए2-70 प्रतीच्या स्टेनलेसची ताणशक्ती 700 मेगापास्कल असते, तर 8.8 प्रतीच्या साध्या पोलादी बोल्टची 800. सस्पेन्शनच्या जागी हा फरक छोटा नाही. तसेच जिथे शॉकअप किंवा ब्रॅकेट बोल्टने दाबला जातो त्या पृष्ठभागावर रंगाचे किंवा पावडर कोटिंगचे जाड थर नकोत. दाबाखाली ते हळूहळू बसतात, बोल्टची पकड सैल होते आणि नंतर भोकच लांबट होऊ लागते. दांडीचे तर वेगळेच. तिच्यावर तारेचा ब्रश जोराने मारून ओरखडा पाडला तर तिथूनच ती तुटू शकते. आणि डाव्या-उजव्या दांड्यांची अदलाबदल करायची नसते, कारण वर्षानुवर्षे त्यांनी एकाच दिशेचा पीळ घेतलेला असतो.

खालून सरसकट काळे डांबरी अंडरकोटिंग मारले की झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. नव्या, कोरड्या पत्र्यावर ते काही काळ चांगले काम करतेही. पण काही वर्षांनी ते कडक होऊन तडकते, तड्यांतून पाणी आत जाते आणि वरच्या सालीखाली अडकून राहते. त्याहून वाईट म्हणजे त्याखाली काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही. पारदर्शक मेण दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावे लागते, हा त्याचा दोष सांगितला जातो. मला तो गुण वाटतो, कारण त्या निमित्ताने कुणीतरी गाडीखाली बॅटरी घेऊन जातो.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. नवी भोके आणि मेण ही मूळ गाडीशी प्रतारणा आहे, असे म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण 1960 मध्ये ब्रिटनने वाहनांची सक्तीची तपासणी सुरू केली ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. त्या काळी दहा वर्षांची मोटार म्हातारी समजली जाई. ज्या आयुष्यासाठी तो पत्रा घडवलाच नव्हता ते त्याच्याकडून हवे असेल, तर पाण्याला वाट करून द्यावीच लागेल. भारतात जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली, तीही चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. गंज साठू दिला तर पुढे पूर्ण बॉडी फाडावी लागते, आणि मूळ पत्रा हातातून जातो तो तेव्हा.

कायद्याचा आधारही पुरेसा नाही. ब्रिटिश तपासणीत सस्पेन्शनच्या माउंटपासून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा गंभीरपणे गंजलेला आढळला तर गाडी नापास होते. पण मे 2018 पासून मोठा फेरफार न झालेल्या, 40 वर्षांहून जुन्या गाड्यांना ही तपासणीच माफ आहे. म्हणजे ज्या गाड्यांना टोकदार हत्याराने टोचून पाहण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडे पाहणारा फक्त मालक उरला.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, हे खरे. पण मुंबई-कोकणच्या हवेत समुद्राचे मीठ बारा महिने असते, आणि चार महिन्यांच्या पावसात चिखल पेटीच्या भोकांत जाऊन बसतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि पाणी निघायची वाट बुजवतो. अ‍ॅम्बेसेडर असो की पद्मिनी, पाऊस सरला की खालून पाण्याचा फवारा मारून तारेने भोके मोकळी करावीत. मेण मात्र एप्रिल-मेच्या उन्हात भरावे. तेव्हा पत्रा आतून खरोखर कोरडा असतो आणि पातळ झालेले मेण फटीच्या तळापर्यंत पोचते.