डोंगराचे गुंठे, शहराचे पाणी

31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातला हातकणंगले होता, गडहिंग्लजही होता. चारच वर्षांपूर्वी याच जिल्ह्याने महापूर पाहिला होता. यादीनंतर काही दिवसांतच, ऐन दिवाळीत, काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहरात पोचले. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली होती, त्यामुळे त्यांचा आनंद खरा होता. पण ज्या शहराला पाण्यासाठी 50 किलोमीटरहून जास्त लांब जावे लागले, त्याने जवळच्या पाण्याचे काय केले?

कळंबा तलाव गारगोटी रस्त्यावर, शहराच्या अगदी उशाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानाने तो बांधला. कात्यायनीच्या डोंगराकडून उतरणारे ओढे त्यात येतात आणि तिथले पाणी उताराने, पंपाशिवाय, शहरात येई. मंगळवार पेठेतला ‘पाण्याचा खजिना’ हे नाव त्या व्यवस्थेतूनच राहिले. हाच तलाव 2016च्या उन्हाळ्यात कोरडा पडला. लोक गाळ काढायला उतरले आणि ते चांगलेच झाले. मात्र गाळ तळ्यात तयार होत नाही, तो वरून येतो.

वर काय चालते ते शहराभोवतीच्या कुठल्याही टेकडीवर दिसेल. आधी जेसीबी येतो आणि मुरमात रस्ता कापतो. मग फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडतात, कोपऱ्यावर दगड रोवले जातात. ओढा आडवा आला तर दोन सिमेंटचे पाइप टाकून त्यावर भराव घालतात. पहिल्या वळवात तो भराव खाली वाहून जातो. प्लॉटच्या जाहिरातीत मात्र ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे लिहिलेले असते. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. माळरानावर नाचणी काढून मुलांची शिक्षणे होत नाहीत, आणि गुंठ्याला मिळणारा भाव त्याने कधी स्वप्नातही पाहिलेला नसतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला दुखणे आणखी खोल जाते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळात जेमतेम पाचशेच्या घरात. म्हणजे शिरोळचा ऊस गगनबावडा-राधानगरीच्या पावसावर उभा आहे. त्या डोंगरांवरच्या सड्यांची, म्हणजे सपाट माथ्यांची, रचना पाहण्यासारखी आहे: वर जांभा, खाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो. दोन थर जिथे भेटतात तिथे कड्याला झरे फुटतात, आणि जंगलाची सावली शाबूत असेल तर ते उन्हाळ्यातही ओढ्यांना पाणी देतात. सड्यावर फार्महाऊससाठी सपाटीकरण केले किंवा बॉक्साइटसाठी जांभाच उचलून नेला, की पाणी मुरण्याची जागाच जाते. कुठलेही वृक्षारोपण हा जांभा परत आणू शकत नाही.

राधानगरीकडे पाहिले की उलटे उदाहरण मिळते. एकोणिसावे शतक संपताना पडलेला दुष्काळ आणि त्यापाठोपाठची प्लेगची साथ पाहिलेल्या शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण हाती घेतले. धरणाच्या वरचे दाजीपूरचे जंगल संस्थानी शिकारीसाठी राखलेले होते. 1958 मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले, पुढे ते 351 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. हेतू आधी शिकारीचा, नंतर गव्यांचा. त्यातून राखले गेले ते धरणाचे पाणलोट. धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांचे कौतुक आपण दरवर्षी करतो, या जंगलाचे मात्र करत नाही.

कायद्यात मोठी फट आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासाठी कस्तुरीरंगन समितीने 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामे आणि 50 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या वसाहती रोखायला सांगितले. 2014 पासून 2024 पर्यंत त्या क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. ती अंतिम झाली तरी डोंगर मोठ्या वसाहतींनीच संपतो असे नाही. तो गुंठ्यागुंठ्याने, बंगल्याबंगल्याने संपतो, आणि तेवढ्या लहान कामाला ही मर्यादा लागूच होत नाही. दुसरीकडे, अधिसूचना आली की घराची डागडुजीही करता येणार नाही, अशी भीती गावोगावी पसरली आहे. ती दूर करणे सरकारचे काम होते. ते नीट झाले नाही.

आपले पाणलोट राखण्यासाठी न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये वेगळा करार केला. प्रचंड खर्चाचा शुद्धीकरण प्रकल्प टाळून त्याने कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी बोलणी केली, स्वखुशीने देणाऱ्यांकडून जमिनी घेतल्या आणि शेतकऱ्यांना पाणलोट सांभाळण्यासाठी पैसे दिले. कोल्हापूरने हे का करू नये? पाणीपट्टीतला एक वाटा कात्यायनी-कळंब्याच्या परिसरातल्या आणि राधानगरी-काळम्मावाडीच्या वरच्या गावांना द्यावा. शेतकऱ्याला जमीन न विकणे परवडले पाहिजे.

शहराने स्वतःची तळी कशी घालवली ते आपल्याला ठाऊक आहे. रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, जिथे अजूनही पावसाळ्यात पाणी साचते. तळी बुजवताना निदान ती डोळ्यांना दिसत तरी होती. पाणलोटाची हद्द मात्र नकाशावर आखल्याशिवाय दिसत नाही. 2017 मध्ये शहराभोवतीच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या आराखड्यात कळंब्याच्या प्रत्येक ओढ्याचा उगम आणि दोन्ही काठ गट नंबरासह आखावेत, त्या गटांच्या सातबाऱ्यावर तशी नोंद घालावी, आणि बिगरशेतीचा अर्ज आला की तलाठ्याने सर्वांत आधी ती नोंद पाहावी.